आखाड्यातून रानात : वऱ्हाडातल्या शिबिराची कुळकथा

मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांना टेकतो, तरी शिबिरांचे दिवस तेच. ऊन तापायच्या आत पोट्टे मैदानावर हजर! लाठीकाठी, लेझीम, सामुदायिक प्रार्थना, श्रमदान आणि एखाद्या दिवशी नरनाळा किल्ल्याची नाहीतर गाविलगडाची चढण. कालपर्यंत अनोळखी असलेल्या पोरांनी एका पंगतीत जेवायचं आणि आपापलं ताट घासायचं. हे सारं स्काउटकडून आलं असावं, असं कुणालाही वाटेल. पण वऱ्हाडापुरतं तरी हे कुळ निराळं आहे. त्याची मुळं आखाड्याच्या मातीत आहेत.

बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं ते १९०७ साली. १९०९ मध्ये स्काउट भारतात आलं, पण सुरुवातीला त्याची दारं हिंदी मुलांना बंद होती. ती वाट मोकळी करण्यासाठी ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय यांच्यासारख्यांना वेगळ्या संघटना उभाराव्या लागल्या. त्याच काळात, १९१४ साली, अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. कुणी दार उघडेल म्हणून ते थांबले नाहीत. हाताशी आखाडा होता आणि गावात पोरं होती.

आखाडा म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. हळद, तेल, ताक घालून मळलेली माती नवशिक्याने आधी खोऱ्याने उकरायची, जुन्यांसाठी भुसभुशीत करायची आणि मगच तिच्यात उतरायचं. शेजारी सागाचा किंवा शिसवीचा मल्लखांब. वर बोंड, खाली मान, त्याखाली अंग. त्याला एरंडेल चोळलेलं. नव्या पोराची पहिली उडी हमखास घसरते आणि त्याला खालून आधार देतो तो कालपरवाच शिकलेला दुसरा पोरगा. मंडळाची खरी शिकवण या आधार देण्यात होती. नीतिपाठ वेगळा द्यावा लागत नसे. जातपात, श्रीमंती-गरिबी घामात बाजूला पडायची.

क्रांतिकारक शिवराम हरी राजगुरू यांनीही काही काळ इथे व्यायामाचे धडे घेतले. उन्हाळी वर्गांना दूरदूरच्या प्रांतांतून तरुण येत आणि शिकून आपापल्या गावी व्यायामशाळा काढत. मंडळाच्या नावातला ‘प्रसारक’ हा शब्द त्यांनी असा खरा केला.

१९३६ साली मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत पोचलं आणि तिथे त्यांनी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या संघाने हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. अमरावतीच्या तरुणांची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. आपल्या मैदानावरचा हुतूतू परक्या देशातल्या प्रेक्षकांसमोर नेण्याची हिंमत पारतंत्र्यातल्या एका जिल्ह्याच्या गावाने केली होती, याचं मोल मोठं आहे.

तरी आखाडा शहराचाच राहिला असता. तो खेड्यात शिरला यामागे तुकडोजी महाराजांची मोठी प्रेरणा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. पुढे गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी खंजिरी, प्रार्थना, ग्रामसफाई आणि व्यायाम एकाच दिनक्रमात गुंफले. आज उन्हाळ्यात भरणारी मुलांची सुसंस्कार शिबिरं त्याच वळणाची. पहाटे ध्यान, मग कवायत, मग हातात झाडू. मुलांना झाडू नकोसा वाटतो; पण चार दिवसांनी गल्लीतली म्हातारी माणसं नावानिशी हाक मारू लागतात आणि झाडूची लाज जाते.

स्काउटच्या निरनिराळ्या संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ या नावाखाली एक झाल्या. त्यांची गाठींची विद्या, तंबू, टोळीपद्धत शाळांमधून वऱ्हाडातही रुळली, आणि ते चांगलंच झालं. आखाडा अंग घडवतो, पण रानात वाट कशी काढावी हे तो शिकवत नाही.

ते रानही आता पूर्वीचं नाही. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, नरनाळ्याभोवती अभयारण्य आहे. पोरांना घेऊन जायचं तर वनविभागाचे नियम आधी समजून घ्यावे लागतात. आरडाओरडा नाही, शेकोटी नाही, प्लॅस्टिक टाकणं नाही. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरचं कोरीव काम बघून पोरं नऊगजी तोफेकडे धाव घेतात, तेव्हा शिबिरप्रमुखाने त्यांना थांबवून जोड्या लावून द्याव्यात : धष्टपुष्ट पोराबरोबर दमलेला, आणि चाल दमलेल्याची.