थळ परिसर : खनिजसंपत्ती

थळ हे रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील, खांदेरी-उंदेरी बेटांसमोरचे किनारी गाव. येथील सर्वांत मोठा उद्योग खनिज वायूवर उभा आहे. तो वायू मात्र थळच्या भूमीतला नाही.

खडक : सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, सर्वत्र आढळतो. पनवेलच्या पश्चिमेस त्याचे थर समुद्राकडे कललेले आहेत. मुरूडकडे या थरांना छेदणाऱ्या अग्निज खडकांच्या भित्ती दिसतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे मोठे चिरे चुन्याशिवाय रचलेले असून लाटांचे पाणी फटींतून शिरते व तडाखा सौम्य होतो. खांदेरीवर आघात करताच धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे.

बेसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तेथील कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागला नेण्यात आली (१९०४). मापनात व्यत्यय नको म्हणून हाताशी असलेला काळा दगड वगळून इमारतीसाठी पोरबंदरचा वालुकाश्म आणला गेला. स्थानिक खडकाचे गुणधर्म ओळखून केलेल्या बांधकामाचे कोकणातील हे उत्कृष्ट उदाहरण होय.

खनिज वायू : मुंबईच्या वायव्येस सुमारे १६० किमी. अंतरावर समुद्रतळाखालील चुनखडकात १९७४ मध्ये ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र सापडले. उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले. तेथील वायू उरणला किनाऱ्यावर येतो. त्यावर आधारित राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा (स्थापना १९७८) थळ-वायशेत प्रकल्प १९८० च्या दशकाच्या मध्यास उत्पादन देऊ लागला. मूळ आराखड्यात दररोज प्रत्येकी १,३५० टनांचे दोन अमोनिया संच व १,५०० टनांचे तीन युरिया संच होते. वायूतील मिथेनपासून हायड्रोजन मिळवून त्याचा हवेतील नायट्रोजनशी संयोग केला की अमोनिया बनतो. तोच कार्बन डाय-ऑक्साइडशी संयोग पावून युरिया तयार होतो. प्रकल्पाच्या जागेवरून त्या काळी वाद झाला होता.

बॉक्साइट : जिल्ह्याच्या श्रीवर्धन, मुरूड व रोहे तालुक्यांतील जांभ्याच्या पठारांवर.

रेती : सावित्री नदीच्या खाडीत.

मीठ : उरण, पेण व पनवेलच्या खाजणांत मिठागरे, आगरी समाजाचा हा जुना व्यवसाय.

मुरूडकडील भित्ती बांधकामाच्या दगडासाठी फोडल्या जाण्यापूर्वी त्यांची तपशीलवार नोंद व जपणूक व्हायला हवी.