मिराशीचा हिब्रू चुलतभाऊ

पेशवेकालीन कागद वाचायला शिकताना सलास, समान, इसन्ने या शब्दांशी हमखास ठेच लागते. हे शुहूर सन या कालगणनेतले अरबी अंक: तीन, आठ, दोन. मी ते घोकत होतो त्याच दिवसांत हिब्रूची बाराखडीही गिरवत होतो. तिथे तीन म्हणजे शालोश, आठ श्मोने, दोन श्नायिम. अरबीत जीभ दातांत धरून जो ‘थ’ म्हणतात, तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘स’ होऊन आला आणि हिब्रूत ‘श’ होऊन बसला. दुसरा नियमही आपल्याच शब्दात सापडतो. ‘औलाद’ हा शब्द व-ल-द या अरबी धातूचा. हिब्रूत आरंभीच्या ‘व’चा ‘य’ होतो, म्हणून तिथे मूल म्हणजे ‘येलेद’.

आता हे दोन्ही नियम ‘वारस’ शब्दाला लावू. अरबी धातू व-र-थ. हिब्रूत त्याचं य-र-श व्हायला हवं, आणि तसं ते आहेच. ‘याराश’ हे क्रियापद हिब्रू बायबलात दोनशेहून अधिक वेळा येतं. वारसा, मिरास, मिरासदार ही सगळी त्याची चुलत भावंडं.

पण भाऊ मोठा दुतोंडी निघाला. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात निपुत्रिक अब्राम कुरकुरतो की घरचा चाकरच आता माझा वारस होणार. मूळ हिब्रूत वाक्याची बांधणी अशी, की चाकर जणू अब्रामालाच ‘वारसणार’ आहे. बायबलाच्याच ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात एदोमी लोक सेईर डोंगरावरच्या होरी लोकांना ‘याराश’ करतात, म्हणजे त्यांना हुसकून त्यांच्या मुलखात वसतात. दोन्हीकडे कर्म माणूसच. एकाचं मागे राहिलेलं मिळतं, दुसऱ्याचं हिसकावलं जातं, क्रियापद तेच. याचंच प्रयोजक रूप ‘होरीश’. त्याचा रूढ अर्थ ‘हाकलणे’, पण नॉर्बर्ट लोफिंक या जर्मन अभ्यासकाने तो ‘नामशेष करणे’ इथवर नेला. उलट कर्मणी रूपाचा अर्थ होतो ‘कंगाल होणे’. वारस आणि भणंग एकाच धातूच्या पोटचे!

यातला मूळ अर्थ कोणता? एक पक्ष म्हणतो, आधी ‘बळकावणे’, वारसा मागाहून. दुसरा द्राक्षं तुडवण्याकडे बोट दाखवतो. ‘तीरोश’ म्हणजे ताजा द्राक्षरस; तो याच धातूचा धरला, तर तुडवणं आधी आणि मुलूख पादाक्रांत करणं नंतर. कल्पना झकास आहे. तालमूदच्या पंडितांनी तर तीरोशचं नातं ‘राश’शी, म्हणजे दरिद्री माणसाशी जोडलं: त्याच्या नादी लागेल तो भिकेला लागेल. उपदेश उत्तम, व्युत्पत्ती कच्ची. तीरोश हा अनातोलियाकडून आलेला पाहुणा शब्द असावा, असंही एक मत आहे, आणि मला ते जास्त पटतं.

बळकावण्याचा पक्ष मात्र सहज हटत नाही. त्याच्या बाजूने एक दगड उभा आहे. मवाबचा राजा मेशा याचा इ.स.पू. नवव्या शतकातला काळ्या बेसॉल्टचा लेख १८६८मध्ये दिबानला उजेडात आला. आज तो लुव्रमध्ये आहे. इस्राएलचा राजा अम्री याने मेदब्याचा मुलूख घेतला, हे सांगताना मेशा हेच क्रियापद वापरतो. वारशाचा तिथे संबंधच नाही.

तरीही अरबी आणि अरामी भावंडं प्रामुख्याने वारसाच सांगतात, हे कसं विसरायचं? माझा तोडगा असा: मूळ अर्थ ‘दुसऱ्याच्या जागी उभं राहणं’. बाप वारला म्हणून जागा रिकामी झाली की शेजाऱ्याला पळवलं म्हणून, याची उठाठेव हे क्रियापद करत नाही.

याची परीक्षा बायबलात अम्रीच्याच घरात होते. त्याचा मुलगा अहाब इज्रेलच्या नाबोथकडे त्याचा द्राक्षमळा मागतो. नाबोथ नकार देतो आणि मळ्याला ‘नहला’ म्हणतो, म्हणजे वाडवडिलांचा वाटा. आपल्याकडची मिरास अशीच: सारा भरणाऱ्या मिरासदाराला हुसकता येत नसे, उपरी कुळाला ते संरक्षण नव्हतं; परागंदा झालेला मिरासदार अनेक वर्षांनी परतला तरी हक्क सांगू शके. नाबोथ अर्थाने पक्का मिरासदार, पण ‘मिरास’चा धातू त्याच्या तोंडी नाही. तो येतो राणी ईजबेलच्या तोंडी. खोट्या साक्षी उभ्या करून तिने नाबोथला दगडांनी मारवलं आहे, आणि आता ती नवऱ्याला सांगते: ऊठ, याराश कर.

जागा रिकामी झाली होती, क्रियापदाची काहीच हरकत नव्हती. ती कशी रिकामी झाली, हे विचारायला मळ्यात एलीया संदेष्टा यावा लागला. त्याच्या प्रश्नात दोनच क्रियापदं आहेत. पहिलं खुनाचं. दुसरं, आपल्या मिराशीच्या चुलतभावाचं.