खकनार
मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील महाराष्ट्र-सीमेलगतचे तहसील व जनपद पंचायतीचे गाव. 2003 पूर्वी ते खंडवा जिल्ह्यात होते. परिसरात कोरकू वस्ती मोठी. खकनार आदिवासी विकासखंड राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत मोडत असल्याने येथील पंचायतींना पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा, 1996) लागू आहे. राज्याने त्याचे नियम मात्र 2022 मध्ये केले, म्हणजे सव्वीस वर्षांनी. सरपंचपदे अनुसूचित जमातींसाठी राखीव असतात. तरीही ग्रामसभेचे अध्यक्षस्थान सरपंचाला मिळत नाही: सरपंच, उपसरपंच वा पंच नसलेला आदिवासी ग्रामस्थ त्यासाठी बहुमताने निवडला जातो. जाब देणाऱ्यानेच सभा चालवू नये, ही यातली शहाणी तरतूद. गौण वनोपज, जलसाठे व गावातले तंटे ग्रामसभेच्या कक्षेत येतात.