घरच्या राउटरचे दार

घरातील संगणकावर साठविलेली छायाचित्रे परगावच्या मुलाला पाहता यावीत, एवढीच एखाद्या बापाची इच्छा असते. परंतु मुलाची हाक राउटरपाशीच अडते. या अडसराला एक इतिहास आहे.

१ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेटने नवी पत्तापद्धती स्वीकारली. तीत प्रत्येक पत्ता ३२ द्विमान अंकांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी होतात. त्या वर्षी जाळ्यातील यंत्रे हजाराच्या आतच होती, म्हणून हा साठा विपुल वाटला. पण दहा वर्षांतच टंचाईची चाहूल लागली. मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हांग व पॉल फ्रान्सिस यांनी पत्ते बदलून देण्याची युक्ती मांडली, आणि १९९६ मध्ये १९२.१६८ने आरंभ होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखले गेल्याचे निश्चित झाले. पुढे पोर्ट क्रमांकांची जोड मिळून सबंध घर एकाच सार्वजनिक पत्त्यावर नांदू लागले.

कचेरीत बाहेरचा टेलिफोन एक व आतल्या जोडण्या अनेक असाव्यात, तसेच हे आहे. आतून गेलेल्या प्रत्येक मागणीची राउटर नोंद ठेवतो, म्हणून उत्तर योग्य यंत्राकडे पोचते. बाहेरून आपणहून आलेल्या हाकेची नोंदच नसते. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे तशी कायमची नोंद करून ठेवणे होय. आधी संगणकाचा आतला पत्ता राउटरमध्ये कायम करावा, मग बाहेरचा पोर्ट, तो पत्ता आणि आतला पोर्ट यांची सांगड घालावी, आणि शेवटी मोबाईलच्या जोडणीवरून पडताळा घ्यावा.

एवढे करूनही हाक पोचली नाही, तर? ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच गट वाटले गेले. तेव्हापासून अनेक सेवादाते एकच पत्ता पुष्कळ घरांत वाटून देतात. राउटरवरील बाहेरचा पत्ता व जगाला दिसणारा पत्ता निराळे असतील, तर बहुधा हेच कारण. मग सेवादात्याकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

मात्र उघडे दार सर्वांनाच दिसते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीच न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले. मुलासाठी दार अवश्य उघडावे. पण पासवर्ड बदलून, हवे तेवढेच, आणि काम संपताच ते लावून घ्यावे.