आडनाव, गाव आणि वंश : वडाळ्याच्या फेअरबँक घराण्याच्या निमित्ताने एक विचार

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव वसले आहे. कांद्याचा व जनावरांचा बाजार यांमुळे हे गाव पंचक्रोशीत ओळखीचे असून शनिशिंगणापूरची वाटही येथूनच फुटते. हाच रस्ता पुढे वडाळा बहिरोबा या गावी जातो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने या वडाळ्यास आपले ठाणे केले आणि फेअरबँक हे इंग्रजी आडनाव या भागातील लोकांच्या कानांवर प्रथम पडले. या आडनावाचा माग काढीत गेल्यास अभ्यासक वडाळ्यावरून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात आणि तेथून इंग्लंडातील यॉर्कशरच्या डोंगराळ मुलखात जाऊन पोचतो. देशांतर केलेल्या मूळ पुरुषाचा शोध कसा घ्यावा, त्यात नावाला किती महत्त्व द्यावे आणि दप्तराला किती, याचा विचार करण्यास हे उदाहरण सोयीचे आहे. तथापि या शोधाची दुसरी बाजू वडाळ्यातच राहिलेल्या कुळांची आहे आणि तिचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

१

सॅम्युएल बेकन फेअरबँक यांचा जन्म १८२२ साली अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात स्टॅमफर्ड येथे झाला. अँडोव्हर येथे धर्मशास्त्राचे शिक्षण पुरे करून ते १८४६ मध्ये अहमदनगरास आले. ज्या मिशनचे ते सभासद होते त्याने १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगरात कार्यास आरंभ केला होता. काही वर्षे मुंबईच्या मिशन छापखान्याचे काम पाहून फेअरबँक १८५७ च्या सुमारास वडाळ्यास आले आणि त्यांच्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग याच परिसरात गेला. नगरचेच मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांची कन्या मेरी ही त्यांची दुसरी पत्नी होय. हेन्री व एडवर्ड हे त्यांचे पुत्र याच मिशनमध्ये काम करू लागले. कन्या केटी हिचा विवाह मुंबईत जन्मलेल्या रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्याशी झाला. एका पिढीतच हे घराणे अशा रीतीने नगर जिल्ह्यातील सोयरसंबंधांत गुंतले.

फेअरबँक हे पक्ष्यांचे व वनस्पतींचेही अभ्यासक होते. पळणीच्या डोंगरात त्यांना आढळलेल्या एका पक्ष्यास ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये त्यांचे नाव दिले. लॅटिन षष्ठीचा प्रत्यय लागून 'फेअरबँकी' झालेले ते नाव आजही शास्त्रीय परिभाषेत रूढ आहे. फेअरबँक १८९८ मध्ये निवर्तले.

२

या घराण्याच्या पूर्वजांकडे वळण्यापूर्वी आडनावाचा अर्थ पाहणे इष्ट आहे. 'फेअर' म्हणजे गोमटे. 'बँक' या शब्दाचा उत्तर इंग्लंडातील अर्थ टेकडीचा उतार असा आहे. म्हणजे हे मुळात एका जागेचे नाव होय. आपल्या 'कर'-प्रत्ययान्त आडनावांशी त्याची तुलना करता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. घोडेगावातील शेजारी एकमेकांस 'घोडेगावकर' म्हणत नाहीत. तेथे सर्वच घोडेगावचे असल्याने त्या विशेषणाने कोणाचीच ओळख पटत नाही. एखादे कुटुंब गाव सोडून नगरास किंवा पुण्यास गेले, म्हणजे तेथील लोक त्यास घोडेगावकर म्हणू लागतात. स्थलवाचक आडनाव अशा रीतीने वस्तुतः निर्गमनाची नोंद असते. मनुष्य कोठे राहतो ते आडनाव सांगत नाही. त्याने काय सोडले ते सांगते.

परंतु ही नोंद कोणत्या निर्गमनाची, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडातील आडनावे साधारणपणे चौदाव्या शतकापर्यंत, उत्तरेकडे काहीशी उशिरा, स्थिर झाली. सतराव्या शतकात समुद्र ओलांडणाऱ्या मनुष्याचे आडनाव त्याच्या कित्येक पिढ्या आधीच्या, बहुधा चार-दोन कोसांच्या, स्थलांतराची आठवण ठेवते. आडनावाच्या अर्थावरून देशांतराचे गाव ठरविणे म्हणजे पहिल्या मुक्कामाचा पत्ता शेवटच्या मुक्कामास लावणे होय.

३

अमेरिकेतील या आडनावाच्या शाखांचा मूळ पुरुष म्हणून जोनाथन फेअरबँक्स याचे नाव घेतले जाते. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागातील हॅलिफॅक्स परगण्यात सॉवर्बी नावाचे ठिकाण आहे, हा तेथला. १६१७ मध्ये हॅलिफॅक्स येथे त्याचा विवाह झाला. परंपरेप्रमाणे तो १६३३ मध्ये सहकुटुंब बॉस्टन येथे उतरला आणि पुढे डेडम येथे स्थायिक झाला. त्याचा मृत्यू १६६८ मध्ये झाला. डेडम येथे त्याने बांधलेले लाकडी घर अद्याप उभे आहे. तुळयांच्या लाकडातील वर्षवलये मोजून त्या घराचा काळ १६३७ ते १६४१ असा ठरविण्यात आला असून, उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत ते सर्वांत जुने मानले जाते. या कुळाची विस्तृत वंशावळ १८९७ मध्ये बॉस्टन येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या वेळी वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक हयात होते.

१६२० ते १६४० या दोन दशकांत सुमारे वीस हजार माणसे इंग्लंड सोडून न्यू इंग्लंडात गेली. त्यांच्यापैकी एकाचा माग काढू पाहणाऱ्यास काही अडचणी हटकून येतात. मराठी कागद हाताळणाऱ्यास त्यांतील एकही अपरिचित वाटणार नाही.

पहिली अडचण समान ग्रामनामांची. यॉर्कशरमध्येच थर्स्क गावाजवळ दुसरे सॉवर्बी आहे. घोडेगाव एक नेवासे तालुक्यात तर दुसरे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात आहे. वडाळा एक नेवाशाजवळ, एक श्रीरामपूरकडे आणि एक खुद्द मुंबईत. ज्या कागदात नुसते 'मौजे घोडेगाव' असेल आणि तर्फ किंवा परगणा नसेल, तो कागद वंशशोधाच्या कामी निम्माच उपयोगी पडतो. त्याहून फसवे असते नव्या वसाहतीस दिलेले जुने नाव. मॅसॅच्युसेट्समधील डेडम हे नाव एसेक्स परगण्यातील डेडमवरून आलेले आहे. तेवढ्यावरून जोनाथनास एसेक्सचा ठरविले, तर शोध मुळातच चुकेल. वसाहतीचे नाव ती स्थापणाऱ्यांपैकी काहींचे मूळ सांगते, सर्वांचे नव्हे.

दुसरी अडचण लेखनाची. सतराव्या शतकातील इंग्रज लेखकास शब्दाचे एकच शुद्ध रूप असते ही कल्पना मान्य नव्हती. एकाच कुळाचे आडनाव 'फेअरबँक', 'फेयरबँके', 'फेअरबँक्स' अशा अनेक रूपांत आढळते आणि अखेरचा 'स' कधी असतो, कधी नसतो. त्यामुळे 'स' चा भेद म्हणजे कुळाचा भेद, असा निष्कर्ष काढता येत नाही. मराठी नावांच्या इंग्रजी लेखनातही हाच घोळ दिसतो. वडाळ्याचा आद्य 'व' कधी एका रोमन अक्षराने लिहिला गेला तर कधी दुसऱ्याने. ग्रामनामाचे अंत्याक्षरही कधी 'ळा' तर कधी 'ळे' असे उतरले. जुने इंग्रज लेखक ऱ्हस्व 'अ' दाखविण्यास 'यू' हे अक्षर योजीत. त्यामुळे 'नगर' शब्दाचे त्यांच्या लेखणीतील रूप आजच्या वाचकास चटकन ओळखू येत नाही. अशा ठिकाणी अक्षरांपेक्षा उच्चाराचा आणि लिहिणाऱ्याच्या कानाचा विचार करावा लागतो.

तिसरी अडचण कालगणनेची. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायदेशीर वर्षारंभ २५ मार्चला होत असे. त्यामुळे चर्चच्या दप्तरात १६१७ च्या फेब्रुवारीत नोंदलेला बाप्तिस्मा आजच्या गणनेने १६१८ मधील ठरतो. शक, फसली व सुहूर सनांचे कागद वाचणाऱ्या मराठी अभ्यासकास याचे नवल वाटू नये. मृगसालाच्या हिशेबात एक वर्षाची चूक होणे त्याच्या नित्य अनुभवातले आहे.

४

या अडचणी पार करण्यास इंग्लंडात साधने विपुल आहेत, हे मान्य केले पाहिजे. १५३८ च्या आज्ञेने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवणे भाग पडले. १८३७ पासून जन्ममृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली. मृत्युपत्रांचे मोल याहूनही अधिक. इंग्लंडात राहिलेल्या मनुष्याने न्यू इंग्लंडातील भावास किंवा पुतण्यास काही ठेवले, तर तो एकच कागद समुद्राच्या दोन्ही तीरांना जोडतो. १६३० च्या दशकातील जहाजांच्या प्रवासी-याद्या मात्र त्रुटित आहेत, म्हणून यादीत नाव नाही यावरून मनुष्य गेलाच नाही असे ठरत नाही. न्यू इंग्लंडच्या वंशवृत्त संस्थेची स्थापना १८४५ ची असून तेथील आद्य वसाहतकारांचा एकेकाचा स्वतंत्र अभ्यास १९८८ पासून पद्धतशीरपणे चालू झाला.

या साऱ्यातून हाती येणारा नियम साधा आहे. शोध नेहमी उतरत्या काळाने नव्हे, तर चढत्या काळाने करावा. प्रसिद्ध मूळ पुरुष आधी निवडून त्याच्यापासून आपल्यापर्यंत उतरत येऊ नये. ज्ञात व्यक्तीपासून तिच्या पित्याकडे, पित्याकडून आजाकडे, याप्रमाणे प्रत्येक दुव्यास स्वतंत्र कागद दाखवीत वर जावे. वडाळ्याचे फेअरबँक आणि डेडमचे फेअरबँक्स यांचे आडनाव एक, हा शोधाचा आरंभ होय. तो पुरावा नव्हे. स्टॅमफर्डपासून वर प्रत्येक पिढी दाखविल्यावरच तो पुरावा होतो.

मराठी नामपद्धती या कामी इंग्रजीहून उपकारक आहे. स्वतःचे नाव, पित्याचे नाव व आडनाव अशी रचना असल्याने प्रत्येक नावातच एक दुवा आपोआप नोंदला जातो. मात्र आजाचे नाव नातवास ठेवण्याच्या चालीमुळे तीच दोन नावे आळीपाळीने येत राहतात, आणि पिढ्या मोजताना आजा-नातू एक समजले जाण्याचा संभव असतो.

५

आता मूळ ठिकाणी परत यावे. फेअरबँक घराण्याच्या पूर्वजांचा माग सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत नेण्याची साधने जगात उपलब्ध आहेत. ज्यांच्यामध्ये ते राहिले त्या वडाळा-घोडेगाव परिसरातील कुळांची स्थिती कशी आहे? वतनदारांच्या वंशावळी निवाड्यांत व महजरांत सापडतात. यात्रेस जाण्याची ऐपत व मुभा असलेल्यांची नावे नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत मिळतात. इंग्रजी अमलातील जन्ममृत्यूंची नोंद गाव नमुना १४ मध्ये आढळते, आणि त्यातील मोडी मजकुराचे महत्त्व २०२३ नंतरच्या कुणबी-नोंदींच्या शोधामुळे सर्वांस पटले आहे. पण या भागात मिशनकडे आलेले लोक बहुतांशी महार व मांग समाजांतील होते. क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत त्यांना जागा नव्हती. अशा कित्येक कुळांच्या बाबतीत मिशनच्या बाप्तिस्म्याच्या वहीतील ओळ, म्हणजे मनुष्याचे नाव, त्याच्या पित्याचे नाव व गाव, हाच पहिला सलग लेखी दुवा असण्याचा संभव आहे.

या दृष्टीने पाहता फेअरबँक घराण्याच्या इतिहासाचे महत्त्व बदलते. ते घराणे स्वतःचा शोध घेण्यास समर्थ आहे. परंतु त्याच्या हातून भरल्या गेलेल्या वह्या, पत्रे व अहवाल यांत दुसऱ्या शेकडो कुळांचा आरंभ नोंदलेला आहे, आणि तो वाचण्यास केवळ इंग्रजीचे ज्ञान पुरेसे नाही. परदेशी लेखणीने टिपलेले मराठी नाव त्याच्या मूळ उच्चारात परत आणणे, तीन वडाळ्यांतून एक वडाळा निवडणे आणि आजा-नातवांना वेगळे करणे, हे काम मराठीच्या अभ्यासकाचेच आहे. जुने कागद वाळवीला व ओलीला फार काळ तोंड देत नाहीत. म्हणून नेवासे तालुक्यातील अशा वह्यांची सूची करणे आणि त्यांतील नावांचा शास्त्रीय पाठ सिद्ध करणे, हे कार्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधाचा विषय म्हणून हाती घेण्यास सर्वथा योग्य आहे.