बावीस नंबरची वायर

गेल्या दिवाळीत ठरवलं, की घरीच व्हिडिओ गेम पार्लरसारखं कंट्रोल पॅनेल बनवायचं. प्लायवूडचा खोका, वर दोन जॉयस्टिक, सोळा बटणं आणि आत एक एन्कोडर सर्किट, जे कॉम्प्युटरला 'मी कीबोर्ड आहे' अशी थाप मारतं. गल्लीच्या टोकाच्या पार्लरमध्ये ज्यांनी 'मुस्तफा' खेळलाय (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३, पण ते कुणाला माहीत होतं?) त्यांना यामागचं कारण सांगायला नको.

बटणं आली, जॉयस्टिक आल्या, प्लायवूडला भोकं पडली. गाडी अडली ती वायरवर. अमेरिकन हौशी मंडळी सगळीकडे एकच सांगतात, '२२ गेज घ्या'. मी मामाला फोन केला. मामाने तीस वर्षं घरांची वायरिंग केलीत. "बावीस नंबर? अरे, माळ्यावर अख्खं बंडल पडलंय. तीन बावीस!" म्हणाला आणि संध्याकाळी घेऊन आला.

तीन बावीस म्हणजे २२ नंबरच्या तीन तारांचा पीळ. आता आपल्याकडे वायर स्क्वेअर एमएममध्ये मिळते, पण जुने वायरमन अजून अशीच भाषा बोलतात. दिव्याच्या पॉइंटला तीन बावीस, गीझरला सात बावीस. ती वायर भिंतीतल्या पाइपात एकदा गेली की वीस वर्षं हलत नाही. माझ्या खोक्याचं झाकण मात्र दर दोन दिवसांनी उघडायचं. पंधरा दिवसांत तीन बटणं मेली. वायर टर्मिनलच्या तोंडाशीच तुटलेली, तार वाकवून वाकवून तोडतात तशी.

मग शोधायला बसलो, की हे बावीस म्हणजे नक्की काय. शनिवार गेला, रविवारही गेला.

तार बनवतात ती धातूची सळई लहान भोकातून ओढून, मग आणखी लहान भोकातून, मग त्याहून लहान. जितक्या वेळा ओढली तितका तिचा नंबर. म्हणून नंबर मोठा तर तार बारीक. शाळेत हे उलटं गणित कुणी का समजावलं नाही कोण जाणे. पण प्रत्येक कारखान्याची भोकं वेगळी, त्यामुळे एकाचा बावीस दुसऱ्याचा बावीस नसायचा. १८५७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन अँड शार्प कंपनीने यात गणित घातलं. ०.४६ इंचापासून ०.००५ इंचापर्यंत ३९ समान प्रमाणातल्या पायऱ्या. सहा पायऱ्या उतरलं की व्यास जवळपास निम्मा. तेच आजचं एडब्ल्यूजी. इंग्लंडने १ मार्च १८८४ पासून स्वतःचं एसडब्ल्यूजी कायदेशीर केलं आणि साहेबाबरोबर ते आपल्याकडे आलं. अमेरिकन बावीस ०.६४ मिलिमीटर, मामाचा बावीस ०.७१. शिवाय अमेरिकन मंडळी बावीस म्हणतात तेव्हा बारीक तारांच्या अख्ख्या पिळाची एकूण जाडी सांगत असतात, आणि मामा त्यातल्या एकेका तारेची! म्हणजे आम्ही दोघं फोनवर एकच आकडा बोलत होतो आणि डोळ्यांसमोर वायर मात्र साफ वेगळी.

याच शोधात एक गोष्ट सापडली आणि पॅनेल बाजूलाच राहिलं. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी जी पहिली तारायंत्राची केबल टाकली, तिच्या पोटातला तांब्याचा पीळ कसला होता? २२ नंबरच्या सात तारांचा. सात बावीस! मामाची गीझरची वायर, आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत. मैलाला (सागरी मैल) १०७ पौंड तांबं.

ही जाडी पुरणार नाही असं विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) गणितानिशी सांगत होते. केबलची लांबी दुप्पट केली तर सिग्नल रेंगाळण्याचा वेळ चौपट होतो, तेव्हा तांबंही जाड हवं आणि त्यावरचं गटापर्चाचं वेष्टणही. विरुद्ध बाजूला कंपनीचे इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस, शिक्षणाने सर्जन. त्यांचं म्हणणं, माझे प्रयोग तसं सांगत नाहीत. १८५६ मध्ये दोघांची जाहीर जुंपली. संचालकांना घाई होती. बारीक केबलची ऑर्डर गेली, तीही अर्धी-अर्धी दोन कारखान्यांना. एकाने बाहेरचं लोखंडी कवच डावीकडे पिळलं, दुसऱ्याने उजवीकडे, आणि दोन टोकं भर समुद्रात जोडायची वेळ आली तेव्हा पीळ सुटू नये म्हणून खास लाकडी जुगाड करावा लागला. (दोन व्हेंडर, एक इंटरफेस, आणि इंटिग्रेशन टेस्टिंग थेट प्रॉडक्शनवर. आमच्या क्षेत्रात तर असं कध्धीच होत नाही.)

थॉमसननी १८५७ मध्ये आणखी एक गोष्ट शोधली. बाजारात 'तांबं' म्हणून मिळणाऱ्या तारा सारख्या नव्हत्या. दिसायला एकसारख्या, पण वीज वाहून नेण्यात प्रचंड फरक. त्याआधी हे मोजायचं फारसं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तांबं ते तांबं!

ऑगस्ट १८५८ मध्ये केबल चालू झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सोळा तास लागले. सिग्नल क्षीण, म्हणून व्हाइटहाउसनी सुमारे दोन हजार व्होल्ट लावले. तीन आठवड्यांच्या आसपास केबल गप्प झाली. कंपनीने व्हाइटहाउसना काढून टाकलं आणि सगळं खापर त्यांच्यावर फुटलं.

मला हे पूर्ण पटत नाही. माणूस हटवादी होता, दोन हजार व्होल्ट लावायलाच नको होते, मान्य. पण ती केबल आधीच आजारी होती. गोदीत उन्हात पडून गटापर्चा मऊ झालेला, आतलं तांबं मध्यभागावरून सरकलेलं. घाई करणारे संचालक मात्र आपापल्या खुर्चीत राहिले. सरकार आणि कंपनीच्या संयुक्त समितीने १८६१ मध्ये सविस्तर अहवाल दिला, तो वाचून नव्याने आखणी झाली आणि १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने टाकलेली केबल टिकली. तिच्यात मैलाला ३०० पौंड तांबं होतं.

माझ्या खोक्यात मुळात वीज असते किती? पाच व्होल्ट, दहा हजार ओहमचा रेझिस्टर, म्हणजे अर्धा मिलिअँप. बावीस एडब्ल्यूजीच्या मीटरभर वायरीला ०.०५३ ओहम. घट होते सव्वीस मायक्रोव्होल्ट! टाचण्यांची माळ लावली तरी चालेल. इथे प्रश्न विजेचा नाही, वाकण्याचा आहे. म्हणून बारीक तारांचा पीळ हवा. हा शहाणपणा आल्यावर ऑनलाइन 'शुद्ध तांब्याचं' स्वस्त बंडल मागवलं. मामाने टोक हातात घेतलं, ब्लेडने खरवडलं, आणि लालसर सालाखाली पांढरं निघालं. वर तांब्याचा मुलामा, आत अॅल्युमिनियम. "तांबं म्हणे," एवढंच बोलला. मला थॉमसन आठवले. शेवटी पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन 'चौदा छत्तीस' घेतली, ३६ नंबरच्या चौदा केसासारख्या तारांची. मऊ, आणि ब्लेड-परीक्षेत पास.

वायर जोडायची कशी हेही कुणीतरी आधी ठरवून ठेवलंय. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक मशीनची वायरिंग निराळी असायची. गेम बदलायचा तर आतलं जाळं उपसा. १९८५ मध्ये जपानच्या उत्पादक संघटनेने 'जामा' नावाचं मानक आणलं. एकच ५६ टोकांचा कनेक्टर, त्यातूनच वीज, चित्र, आवाज आणि बटणं. बोर्ड उपटा, दुसरा खोचा. खेळाडूमागे तीन बटणं भरपूर झाली असं तेव्हा वाटलं होतं. १९९१ मध्ये स्ट्रीट फायटर २ सहा बटणं मागत आला आणि लाथांसाठी वेगळा कनेक्टर लोंबकळू लागला. पण बटण दाबलं की ते ग्राउंडला टेकतं, ही साधी पद्धत कायम राहिली. माझा एन्कोडरही तेच करतो. सगळ्या बटणांचं एकेक टोक एकाच काळ्या वायरने साखळीसारखं जोडायचं, दुसरं टोक ज्याचं त्याला.

गेल्या रविवारी सगळं काम मामाने केलं, मी नुसत्या वायरी सोलून दिल्या. झाकण लावलं, गेम सुरू केला. ज्या मामाने मला सातवीत पार्लरमधून कान धरून घरी आणलं होतं, तो दोन नंबरच्या जॉयस्टिकवर बसून विचारत होता, "यातला तुझा मुस्तफा कोणता?"

दाखवला. त्याने उडीचं बटण दाबलं आणि गेम पॉझ झाला. सोलताना दोन वायरींच्या चिठ्ठ्या मीच अदलाबदल केल्या होत्या. झाकण पुन्हा उघडलं. या वेळी एकही तार तुटली नाही.