परावर्तक पृष्ठभागातील दोष व बिनतारी संदेशवहन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : बिनतारी संदेशवहनाचे गणित मांडताना परावर्तक पृष्ठभाग आदर्श मानला जातो, प्रत्यक्षात तो कधीच निर्दोष नसतो. या दोषांकडे पाहण्याची दृष्टी कशी घडत गेली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने 'एको-१' हा सुमारे ३० मीटर व्यासाचा, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा फुगा कक्षेत सोडला. अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा ध्वनिमुद्रित संदेश त्यावरून परावर्तित होऊन कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीत पोहोचला. पुढे आतील वायू निघून गेला, आवरणाला सुरकुत्या पडल्या आणि परावर्तित संदेशाची तीव्रता कमीजास्त होऊ लागली. म्हणूनच १९६४ च्या 'एको-२'साठी, वायू गेल्यावरही आकार टिकावा अशा बेताने, प्लॅस्टिकच्या दोन्ही बाजूंस ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटविण्यात आला.

अशा दोषांचे संख्याशास्त्रीय मोजमाप जॉन रूझ यांनी १९५२ मध्ये मांडले व १९६६ मध्ये त्याचा विस्तृत आढावा घेतला. पृष्ठभागाची चूक मिलिमीटरमध्ये किती, यापेक्षा ती तरंगलांबीच्या कितवा भाग आहे, हे महत्त्वाचे ठरते. यादृच्छिक चुकांचे वर्गमाध्यमूळ तरंगलांबीच्या सोळाव्या भागाइतके असेल, तर अँटेनाची लब्धी आदर्शाच्या सुमारे ५४ टक्केच उरते. ही मर्यादा २१ सें.मी. तरंगलांबीस १३ मि.मी., तर १ सें.मी. तरंगलांबीस अवघी ०.६ मि.मी. येते.

रेडिओ खगोलशास्त्रातही हेच तत्त्व लागू पडते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांसाठी प्रा. गोविंद स्वरूप यांनी अखंड पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी योजली. तरंगलांबी मोठी असल्याने जाळी पुरेशी ठरली. वाऱ्याचा भार व खर्च दोन्ही घटले.

आज चर्चेत असलेल्या पुनर्रचनाक्षम परावर्तक पृष्ठभागात असंख्य लहान घटक तरंगाची कला बदलतात. येथे सुरकुतीची जागा इलेक्ट्रॉनिक मर्यादेने घेतली आहे. प्रत्येक घटकास कलेच्या दोनच पायऱ्या उपलब्ध असतील, तर ग्राहकापर्यंत आदर्शाच्या सुमारे ४० टक्के शक्ती पोहोचते. चार पायऱ्या असतील, तर ८१ टक्के. मात्र पायऱ्या वाढल्या की मंडलाची गुंतागुंत व किंमतही वाढते.

निष्कर्ष : दोष पूर्णपणे टाळता येत नाही, तो मोजून किती सहन करावयाचा, हे मात्र ठरविता येते. आदर्श पृष्ठभाग गृहीत धरून केलेले दावे याच कसोटीवर तपासले पाहिजेत. आपल्या विद्यार्थ्यांना सूत्रासोबत ही कसोटीही शिकविणे अगत्याचे आहे.